फ्रेंच जोडशब्द: आडव्या रेघेवर थांबायचं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलांची गोष्ट साधारण सारखीच असते. सुटा शब्द बरा येतो. 'पोर्त्' जमतं, 'आव्योँ'ही जमतं. हे दोन जोडून विमानवाहू नौकेचं नाव घ्या म्हटलं की मधे ठेच लागते: पोर्त्... आव्योँ. छापील शब्दात मधे आडवी रेघ असते आणि डोळा तिथे अडला की जीभही अडते. फ्रेंच माणूस मात्र 'पोर्-ता-व्योँ' म्हणतो. पहिल्या शब्दाचा त् दुसऱ्या शब्दाच्या आ ला जाऊन चिकटतो आणि रेघ कुठे होती ते कानाला कळतही नाही. रेघ डोळ्यांसाठी आहे, तोंडासाठी नाही. बाकीचे बरेचसे नियम यातूनच निघतात.

आधी खुणा ठरवून घेऊ, कारण इथे सगळं देवनागरीत लिहायचं आहे. 'अक्षर' म्हणजे एका स्वराभोवतीचा आवाजाचा एक झोका. स्पेलिंगमधल्या चिन्हाला मी 'लेटर' म्हणेन. हलन्त असेल तिथे स्वर अजिबात नाही. 'ऽ' असेल तिथे अ ठळक म्हणायचा, तोही ओठ थोडे गोल करून. फ्रेंचमध्ये या जातीचे दोन-तीन जवळजवळचे स्वर आहेत, इथे त्यांना एकाच खुणेने भागवतो. चंद्रबिंदू म्हणजे स्वर नाकातून, मागे न् किंवा म् नाही. नुक्त्याचा ज़ म्हणजे 'जग'मधला ज नव्हे. स म्हणता म्हणता गळ्याचा आवाज चालू केला की जो येतो तो. झ हाही तसाच, श ला आवाज देऊन.

आता सांधा. पहिला शब्द ऐकू येणाऱ्या व्यंजनावर संपतो आणि दुसरा स्वराने सुरू होतो, तेव्हा व्यंजन पुढे सरकतंच. जेवणाची खोली 'सा-ला-माँ-झे', दातांचा ब्रश 'ब्रॉ-सा-दाँ', टपालपेटी 'ब्वा-तो-लेत्र्', कपडे धुण्याचं यंत्र 'मा-शी-ना-ला-वे'. फ्रेंच शिक्षक याला 'आँशेनमाँ' म्हणतात. आपल्याकडे हे अनोळखी मुळीच नाही. शाळेत कन्नड व्याकरण केलेल्यांनी लोपसंधी घोकलेली असते: ऊरु + अल्लि = ऊरल्लि. तिथे उ गळतो, र् पुढच्या अ ला धरतो आणि कोणी 'ऊर्... अल्लि' म्हणत नाही. मराठीतही घाईत 'भात आहे का' विचारलं तर 'भा-ताय का' असंच येतं. पण आपण हे फक्त घाईत करतो. सावकाश, नीट, वर्गात उभं राहून बोलायचं ठरलं की शब्द सुटे करतो, कारण शुद्ध बोलणं म्हणजे सुटं बोलणं असं डोक्यात बसलेलं असतं. फ्रेंचमध्ये सावकाश बोलतानाही सांधा जुळलेलाच राहतो. परीक्षेत तोंडी प्रश्नाला मुलं जास्त काळजीने बोलतात आणि म्हणूनच जास्त चुकतात, ते इथेच.

एक शब्द जवळून बघू: इंद्रधनुष्य, 'आर्-काँ-स्येल्'. मूळ तुकडे आर्क्, आँ, स्येल्. अक्षरं तीन. पहिली चूक म्हणजे 'आर्क्' म्हणून थांबणं. दुसरी 'आर्-कान्-स्येल्', म्हणजे अनुस्वार आपल्या पद्धतीने न् करून म्हणणं. तिसरी 'आर्-काँ-सि-येल्', इथे एका अक्षराची दोन झाली आणि चाल बिघडली. चौथी बरंच शिकलेल्यांची: अनेकवचनात आर्क् ला एस लागतो म्हणून 'आर्-क्ज़ाँ-स्येल्'. तो एस तिथे मुका आहे, एक इंद्रधनुष्य आणि दहा इंद्रधनुष्यं कानाला सारखीच. सराव शेवटाकडून करायचा. आधी नुसतं 'स्येल्', मग 'काँ-स्येल्', मग 'आर्-काँ-स्येल्'. पुढून सुरुवात केली की 'आर्क्' पूर्ण म्हणून टाकायची ओढ असते. मागून आलं की क् आधीच काँ मध्ये बसलेला असतो, त्यामुळे ती ओढच उरत नाही. शिवाय फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर असतो. जोडशब्द कितीही तुकड्यांचा असो, जोर एकच आणि तो शेवटी. इंग्रजी माध्यमातली मुलं पहिल्या तुकड्यावर आपटतात, तेही या सरावाने सुटतं.

इथवर सोपं. खरी गंमत आहे ती एरवी मुक्या असलेल्या लेटरांची. डुकराच्या मांसाला 'पोर्' म्हणतात, शेवटचा सी मुका. पण साळिंदर मात्र 'पोर्-के-पिक्'. सी जागा झाला. पाय 'प्ये', डी मुका. पण शहरात अधूनमधून राहण्यापुरत्या घराला म्हणायचं 'प्ये-ता-तेर्'. डी जागा झाला आणि वर त् होऊन आला. आजीआजोबांच्या भावाला 'ग्राँ-तोँक्ल्' म्हणतात, तिथेही डी चा त्. आपल्याला जगत् + ईश = जगदीश पाठ, म्हणजे त् चा द्. कन्नडच्या आदेशसंधीतही मळे + काल = मळेगाल, म्हणजे क चा ग. दोन्हीकडे कठोराचा मृदू होतो. फ्रेंचमध्ये नेमकं उलट. कारण जुनं आहे: जुन्या फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा डी त् सारखाच उच्चारला जायचा. पुढे तो गळाला, स्पेलिंग लॅटिनकडे पाहून डी चं ठेवलं गेलं, पण स्वरापुढे जिथे तो टिकला तिथे जुना त् टिकला. संधीचे आपले नियम तिकडे लावायला गेलात तर 'ग्राँदोँक्ल्' म्हणाल.

ही जाग कुठे येते आणि कुठे नाही, याला एक कामचलाऊ कसोटी आहे. एकवचनी नामाच्या शेवटचं मुकं लेटर पुढे 'आ' किंवा 'ओ' आलं तरी सहसा मुकंच राहतं. दुधातली खीर 'री-ओ-ले', चॉकलेट घातलेला पाव 'पेँ-ओ-शॉ-कॉ-ला', पवनचक्की 'मू-लेँ-आ-वाँ'. कुठेही ज़् किंवा न् जागा होत नाही. जागं होतं ते जुन्या, गोठलेल्या शब्दांत, आणि त्यांत बहुधा रेघा असतात: मांस-भाज्या एकत्र शिजवलेला 'पॉ-तो-फऽ', दबा धरून केलेला घात 'गे-ता-पाँ', पायात पाय घालून पाडणं 'क्रॉ-काँ-झाँब्', समोरासमोरची भेट 'ते-ता-तेत्' (इथे त् मुका नव्हताच, तो नुसता सरकला). म्हणजे रेघा दिसल्या तर सावध व्हायचं, नसल्या तर गप्प राहायचं. कसोटी शंभर टक्के नाही. वर्गात पहिल्याच आठवड्यात लागणारं स्वरावरच्या तिरक्या खुणेचं नाव 'आक्-साँ-ते-ग्यू' आहे. रेघ नाही, तरी त् येतो. असे अपवाद थोडे आहेत, पाठ करून टाकावेत.

शब्दाच्या सुरुवातीला विशेषण किंवा उपसर्गासारखं काही असेल तर मात्र सांधा हमखास जुळतो. बेघर माणूस 'साँ-ज़ा-ब्री', सूचक बोलणं 'सू-ज़ाँ-ताँ-द्यू', नातवंडं 'पऽ-ती-ज़ाँ-फाँ'. पहिला शब्द अनेकवचनी नाम असलेल्या काही ठरीव नावांतही तेच: अमेरिका 'ए-ता-ज़्यू-नी'. (हा 'ज़्यू' म्हणजे ज़् + यू नव्हे, ई म्हणायची आणि ओठ मात्र ऊ चे ठेवायचे, एकच स्वर.) आपल्याकडच्या इंजिनियरिंगच्या मुलांना दोन संस्थांची नावं नेहमी लागतात. १७४७ मध्ये सुरू झालेली पूल-रस्त्यांची शाळा 'पोँ-ज़े-शो-से' आणि दुसरी 'आर्-ज़े-मे-त्ये'. दोन्हींत पहिल्या शब्दाचा अनेकवचनी एस ज़् होऊन बोलतो. अर्जात नाव बिनचूक लिहून मुलाखतीत 'पाँट एट' म्हणणं बरं दिसत नाही.

अनेकवचनाचं थोडक्यात: बहुतेक जोडशब्दांत ते कानाला कळत नाही, नामाआधी येणाऱ्या 'ले', 'दे' या छोट्या शब्दांवरून ओळखायचं. थोडे शब्द बदलतात. माणूस, बाप्या या अर्थाचा 'बॉ-नॉम्' अनेकवचनात रीतसर बोलताना 'बोँ-ज़ॉम्' होतो. सरदार-घराण्यातला 'झाँ-ती-यॉम्' चा 'झाँ-ती-ज़ॉम्' होतो. साहेब या अर्थाचा रोजचा 'मऽ-स्यऽ' अनेकवचनात 'मे-स्यऽ'. आणि जेवणाआधीच्या खाण्याच्या नावात, 'ऑर्-दऽव्र्'मध्ये, सुरुवातीला एच असतो. तो उच्चारत नाहीत, पण सांधा अडवायचं काम करतो. म्हणून 'ले ऑर्-दऽव्र्', 'ले-ज़ॉर्-दऽव्र्' कधीच नाही. हॉटेल मॅनेजमेंटची मुलं हे सगळ्यात जास्त चुकतात.

एफ चा वेगळा तंटा. उत्कृष्ट कलाकृती 'शे-दऽव्र्', एफ गिळलेला. जिल्ह्याचं ठाणं 'शेफ्-ल्यऽ', एफ ठणठणीत. दोन्हीकडे पहिला शब्द एकच. पतंगालाही 'सेर्-वॉ-लाँ', एफ लिहायचा, म्हणायचा नाही. इथे नियम शोधू नका, सापडत नाही.

आता मुका ई, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'ई' म्हणतात ते लेटर; ते बोललं की इथे 'ऽ' लिहिलं आहे. माझ्या मते जोडशब्दांतला हाच सगळ्यात रसाळ भाग आहे, आणि मराठी माणसाला तो लवकर समजायला हवा, कारण आपण दिवसभर हेच करतो. 'टिळकवाडी' लिहिताना क पूर्ण, म्हणताना 'टि-ळक्-वा-डी'. 'वडगाव' म्हणजे 'वड्-गाव्'. लिहिलेला अ कुठे गाळायचा ते आपल्याला कोणी शिकवत नाही. फ्रेंचमध्येही लिहिलेला ई असाच गळतो, फक्त कारणं वेगळी.

ई च्या आधी ऐकू येणारं व्यंजन एकच असेल तर तो जातो. मधल्या वेळचं खाणं लिहिताना चार तुकडे, बोलताना दोन: 'कास्-क्रूत्'. स्पेलिंगमध्ये एस दोन आहेत म्हणून फसू नका, आवाज एकच आहे. वटवाघूळ 'शोव्-सू-री', गगनचुंबी इमारत 'ग्रात्-स्येल्', बूच काढायचा स्क्रू 'तीर्-बू-शोँ'. आधी दोन व्यंजनं असतील तर ई राहतो की जातो हे दुसऱ्या शब्दाच्या लांबीवर ठरतं. दुसरा शब्द एका अक्षराचा असेल तर ई टिकतो: किल्ल्यांची कडी 'पोर्-तऽ-क्ले', कठडा 'गार्-दऽ-फू', कपड्यांचं कपाट 'गार्-दऽ-रॉब्'. दुसरा शब्द लांब असेल तर गळतो: पैशाची पर्स 'पोर्त्-मॉ-ने', प्रवक्ता 'पोर्त्-पा-रॉल्', सामानाचा कॅरियर 'पोर्त्-बा-गाझ्'. पहिला शब्द तोच, फरक फक्त मागच्या अक्षरांचा. म्हणून 'पोर्त् म्हणजे पोर्त्' असं एकदा ठरवून सगळीकडे चिकटवलं की निम्मे शब्द चुकतात. ई च्या आधी व्यंजन + र असा जोड असेल तर ई नेहमीच ठेवायचा: डबा फोडायचं हत्यार 'ऊ-व्रऽ-ब्वात्', टपाल तिकीट 'तेँ-ब्रऽ-पोस्त्'. ऐंशी म्हणजे 'का-त्रऽ-वेँ', आणि एक्याऐंशी 'का-त्रऽ-वेँ-एँ'. तिथे टी मुका. एकवीसमध्ये मात्र तोच टी बोलतो, 'वेँ-ते-एँ'.

मधे 'दऽ' असलेल्या नावांनाही हेच तत्त्व लागतं. मोरीस ग्रामाँ या भाषाशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये ते तीन व्यंजनांचा नियम म्हणून मांडलं: ई गाळल्याने तीन व्यंजनं एका ठिकाणी गोळा होणार असतील तर तो गाळू नये (वरचे 'पोर्त्-मॉ-ने'सारखे शब्द याला अपवाद). बटाटा: पॉम् + द + तेर्, अ गाळला तर म्द्त् असा गठ्ठा होतो, म्हणून 'पॉम्-दऽ-तेर्'. रेल्वे: शऽमेँ + द + फेर्, द् च्या आधी स्वर आहे, गठ्ठा होत नाही, म्हणून 'शऽ-मेँद्-फेर्'. फळांची दारू 'ओद्-वी'. तळमजला 'रेद्-शो-से', आणि पुढचा श बिनआवाजी असल्याने तो द् सरळ त् होतो: 'रेत्-शो-से' ऐकू आलं तर ती चूक नाही.

एक आडवाट. वृत्तात आपण 'कमल'ची अक्षरं तीन धरतो, बोलताना दोन. फ्रेंचांच्या १२ अक्षरी अभिजात ओळीतही व्यंजनापुढचा मुका ई मोजतात. म्हणून कविता वाचून घेतलेला अक्षरांचा हिशोब बाजारात लावू नये, तिकडेही नाही आणि इकडेही नाही.

आता आपल्या भागाच्या खास सवयी. कन्नडच्या शेजारामुळे शेवटच्या व्यंजनाला स्वर जोडायची खोड आपल्यात आहे. बसचं 'बस्सु' होतं. फ्रेंचमध्ये त्याने 'तेत्' चं 'तेत्तु' होतं आणि एक अक्षर फुकटचं वाढतं. शुद्ध मराठीवाल्यांनीही फार खूश होऊ नये, जोडाक्षरावर संपणाऱ्या शब्दाला आपणही अ लावतोच ('मित्र' म्हणून बघा). 'ब्वा-तो-लेत्र्' मधला शेवटचा र् नुसता श्वास आहे, गळ्यातून आवाज नाही. त् म्हणून झाला की घशातून हवा सोडायची, बस्स. गप्पांत तर तो र्‌ही जातो, 'ब्वा-तो-लेत्' राहतं.

द्वित्ताची सवयही याच घरची. 'पॉम्', 'साल्', 'ब्रॉस्' यांत स्पेलिंगमध्ये लेटरं दुहेरी, पण उच्चार एकेरी. 'पॉम्म्-दऽ-तेर्र्' नको. याला एक उलटी बाजू आहे: भांडी धुण्याचं यंत्र 'लाव्-वे-सेल्'. तिथे मधला ई गळून दोन व्ह समोरासमोर येतात आणि दोन्ही म्हणायचे असतात. पुण्या-मुंबईची मुलं तिथे एक व्ह खातात. ज्याच्या घरी आईला 'अव्वा' म्हणतात त्याला हे आपसूक येतं, फक्त व्ह दात ओठाला लावून म्हणायचा.

तिसरी सवय य घुसडायची. मने + अल्लि = मनेयल्लि, ही आगमसंधी कानात इतकी मुरलेली असते की दोन स्वर शेजारी आले की जीभ मधे य किंवा व टाकते. 'री-ओ-ले' चं 'रियोले', ये-जा या अर्थाच्या 'वा-ए-व्येँ' चं 'वायेव्येँ' होतं. दोन्ही स्वर शेजारी ठेवायचे, आवाज न तोडता आणि मधे काही न भरता. पॅरिसच्या विजयकमानीत, 'आर्क्-दऽ-त्री-योँफ्'मध्ये, य खरा आहे. तो 'त्र' नंतरच्या ई या स्वरामुळे येतो, सांध्यामुळे नाही.

नाकातले स्वर हा मराठीचाच प्रश्न. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाचा नातेवाईक होतो: आंबा म्हणजे आम्बा, अंत म्हणजे अन्त. त्यामुळे 'तेँ-ब्रऽ-पोस्त्' चं 'तेम्ब्रऽ' आणि 'झाँब्' चं 'झाम्ब्' होतं. खानापूरच्या पलीकडचे आणि कारवारचे कोकणी बोलणारे इथे पुढे असतात. 'हांव' म्हणताना स्वर नाकात घुमतो आणि जीभ कुठेच टेकत नाही, तेच हवं. कोकणी नसेल तर 'संशय' म्हणून बघा, तिथेही जीभ टेकत नाही. त्यातला मागचा पुसट व् तेवढा गाळायचा. ओठ मिटले की चुकलं, एवढी तपासणी आरशासमोर करता येते.

घरी सराव करायचा तर शब्द वहीत दोन ओळींत लिहा. वरच्या ओळीत स्पेलिंग, त्यातल्या मुक्या लेटरांवर काट. खालच्या ओळीत देवनागरी, आधी नुसते स्वर. जितके स्वर तितकी अक्षरं. स्वर मोजून झाले की मगच व्यंजनं वाटायची, आणि दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन नेहमी उजवीकडच्या स्वराला. दोन असतील तर एकेक वाटून. पण प्र, त्र, क्ल, ब्ल असे जोड अखंड उजवीकडे. मग मागून पुढे म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ऐकताना दर अक्षराला एक टाळी वाजवून फक्त टाळ्या मोजायच्या. 'पोर्त्-मॉ-ने'ला चार टाळ्या पडल्या तर कुठेतरी अ घुसला आहे. शब्दकोशातली उच्चाराची चिन्हं शिकून घेतली तर उत्तम. गूगलच्या आवाजावर मात्र मुक्या ई साठी विसंबू नका, तो बऱ्याचदा गरजेपेक्षा सावकाश, सगळे अ ठेवून बोलतो.

हत्तरगीच्या एरोस्पेस वसाहतीतून ज्यांचं तूलूझशी फोनवर बोलणं होतं त्यांच्यासाठी वेगळी सूचना. दक्षिण फ्रान्समध्ये मुका ई मुका नसतो. तिकडचा माणूस 'पॉ-मऽ-दऽ-ते-रऽ' म्हणेल, 'पोर्-तऽ-मॉ-ने' म्हणेल. तिथे आपली 'बस्सु'ची खोड जरा कमी टोचते. पण परीक्षेसाठी उत्तरेकडचा उच्चारच धरा आणि दक्षिणेचा ऐकून समजेल इतपत कान तयार ठेवा.

लिहिताना ओळ संपली आणि शब्द तोडायची वेळ आली तर हिशोब बदलतो, तिथे उच्चाराची नव्हे तर स्पेलिंगची अक्षरं चालतात. दुहेरी लेटरं मधोमध तुटतात, मुका ई सुद्धा मोजला जातो. म्हणून 'पॉम्' कागदावर दोन तुकड्यांचा. जोडशब्दात आधीच रेघ असेल तर तिथेच तोडायचं, वेगळी दुसरी रेघ घालायची नाही. अपॉस्ट्रॉफीनंतर कधीच तोडायचं नाही, म्हणजे 'शे-दऽव्र्' हा फक्त आपल्या रेघेपाशी तुटेल. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणांनी 'पोर्त्-मॉ-ने', 'तीर्-बू-शोँ' असे काही शब्द रेघ काढून सलग लिहायला मुभा दिली. छापील मजकुरात दोन्ही रूपं दिसतात, उच्चार दोन्हींचा एकच.